तंत्रस्नेही माणसाची मराठी



या पुस्तिकेच्या आधीच्या घटकांत आपण प्रमाणभाषा आणि बोली यांचे नाते, शब्दांची घडण, लिंगविचार व सामान्यरूप या गोष्टी अभ्यासल्या. प्रस्तुत लेखात नवा सिद्धान्त मांडावयाचा नाही. जे शिकलो ते आपल्या रोजच्या जगण्याला लावून पाहावयाचे आहे आणि त्यातून तयार झालेले माझे एक मत आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. ते आपण मान्य करावेच असा आग्रह नाही. मात्र आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे, ही अपेक्षा आहे.

१. एक उत्तरपत्रिका

बारामतीहून निरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे माळेगाव बुद्रुक हे गाव आपणांपैकी अनेकांना सहकारी साखर कारखान्यामुळे ठाऊक असेल. निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा मुलूख आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासकेंद्रात या गावचा एक विद्यार्थी संपर्कसत्राला येत असे. वय तिशीच्या पुढे, दिवसा वायरिंगची आणि मोटरदुरुस्तीची कामे, संध्याकाळी मोबाईल दुरुस्तीचे लहानसे दुकान, आणि रविवारी बी. ए. मराठीचा अभ्यास, असा त्याचा क्रम होता.

‘माझा छंद’ या विषयावर मी निबंध लिहावयास सांगितला. बहुतेकांनी वाचन, भटकंती, भजन असे छंद लिहिले. त्याने लिहिले ते असे : शेतीला वीज पाळीने मिळते; कधी दिवसा, कधी मध्यरात्री. अंधारात उसाच्या कडेने विहिरीपर्यंत जाणे धोक्याचे असते. म्हणून विहिरीवरच्या मोटरीला ‘मोबाईल स्टार्टर’ बसवायचा, घरूनच फोन लावून मोटर चालू करायची, लाईट गेल्याचा निरोपही फोनवर मिळवायचा. असे स्टार्टर खोलून पाहणे, बिघडलेले दुरुस्त करणे, आणि रात्री दुकान बंद केल्यावर अशाच विषयांत रमणाऱ्या, कधीही न भेटलेल्या देशोदेशींच्या माणसांशी इंटरनेटवर बोलत बसणे हा त्याचा छंद होता.

निबंध मनापासून लिहिलेला होता. मी मात्र त्यातील सतरा शब्दांखाली लाल रेघा ओढल्या. ‘स्टार्टर’च्या शेजारी ‘आरंभक’ असे लिहिले आणि शेवटी शेरा दिला : “इंग्रजी शब्द टाळावेत.” सत्र संपल्यावर तो उत्तरपत्रिका घेऊन आला. “सर, दुकानात जाऊन आरंभक मागितला तर मिळेल का?” असे त्याने हसत विचारले. मीही हसलो. मग तो गंभीरपणे म्हणाला, “सर, म्हणजे मी हे मराठीत लिहायचंच नाही का?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याचे मला त्या दिवशी देता आले नाही. भाषाविज्ञानात विद्यावाचस्पती पदवी घेतलेल्या माणसाला ते देता येऊ नये, याची खंत पुढे बराच काळ राहिली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

२. शब्द पाहुणे, व्याकरण घरचे

आधी माझी लाल रेघ कितपत बरोबर होती ते पाहू. त्या विद्यार्थ्याच्या दुकानात कोणीही अर्धा तास बसले तर पुढील प्रकारची वाक्ये कानी पडतील : “रेंज गेली.” “बॅटरी उतरली.” “ॲप उडवलं.” “ग्रुप सोडला.” “लिंक टाक.” “स्टेटस ठेवलंय.” “रिचार्ज मार.”

या वाक्यांतील नामे इंग्रजीतून आलेली आहेत. क्रियापदे मात्र सर्वच्या सर्व मराठी आहेत, आणि ती इंग्रजीचे भाषांतर करून घेतलेली नाहीत. बॅटरी उतरते, कारण मराठीत ताप उतरतो, पूर उतरतो. फोन लावतो, कारण आपण दिवा लावतो, मोटर लावतो. पोस्ट टाकतो, कारण पूर्वीपासून पत्र टाकत आलो आहोत. कोणत्या नव्या वस्तूला कोणते क्रियापद जोडायचे, हे मराठी बोलणाऱ्याने आपल्या भाषेच्या अंगभूत सवयीने ठरवले. त्यासाठी त्याला कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही.

आता लिंग पाहा. मोबाईल तो, बॅटरी ती, ॲप ते. ग्रुप तो, लिंक ती, सिम ते. इंग्रजीत या नामांना व्याकरणिक लिंग नाही. मराठीत लिंगावाचून नामाला वाक्यात उभेच राहता येत नाही, कारण विशेषण आणि क्रियापद त्याच्याशी जुळवावे लागते. म्हणून बोलणाऱ्यांनी प्रत्येक नव्या नामाला लिंग दिले. काही ठिकाणी एकमत अजून झालेले नाही. ‘ईमेल’ कोणाला ‘आला’, कोणाला ‘आली’, तर कोणाला ‘आले’. ही अनिश्चितता म्हणजे अशुद्धता नव्हे. भाषा एखादा निर्णय घेत असताना आपण प्रत्यक्ष साक्षीदार आहोत, असा तिचा अर्थ आहे.

तिसरी कसोटी सामान्यरूपाची. जुन्या पाहुण्यांना मराठीने सामान्यरूप दिले : बँक – बँकेत, टेबल – टेबलावर, फाईल – फायलीत. उसाच्या पट्ट्यात ‘मोटर’ हा शब्द इतका मुरला आहे की ‘मोटरीला’, ‘मोटरीचं बटण’, अनेकवचनी ‘मोटरी’ ही रूपे सहज ऐकू येतात. उलट ‘ॲपमध्ये’, ‘लिंकवर’ असे आपण म्हणतो. ‘ॲपात’, ‘लिंकेवर’ असे सहसा म्हणत नाही. म्हणजे ‘मोटर’ माजघरात येऊन बसली आहे आणि ‘लिंक’ अजून ओसरीवर आहे. कोणता शब्द किती रुळला, हे मोजण्याचे इतके नेमके साधन आपल्या व्याकरणातच असताना मी लाल शाईने सर्वांना एकाच मापाने मोजले, ही माझी चूक होती.

एक गमतीचे उदाहरण देऊन हा मुद्दा संपवतो. ‘डीपी’ या शब्दाचा अर्थ काय? शहरातील विद्यार्थी सांगेल, व्हॉट्सॲपवर आपल्या नावाशेजारी दिसणारे छायाचित्र. माळेगावचा शेतकरी सांगेल, जिच्यावरून वस्तीला आणि विहिरींना वीज मिळते ती रोहित्राची पेटी. “डीपी जळाली” आणि “डीपी बदलला” या दोन वाक्यांत एकच ध्वनिरूप असूनही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. संदर्भ अर्थ ठरवतो, हे तत्त्व आपण अर्थविचाराच्या घटकात पाहिले. त्याचे याहून चांगले उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

तंत्रज्ञानाबरोबर परके शब्द येणे ही गोष्टही नवी नाही. चावी, पगार, घमेले, बिजागरी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. कागद, दुकान, जमीन, हिशेब हे फार्सी-अरबीकडून. गवंड्याच्या हातातील घमेले परके आहे, असे आज कोणाच्या मनातही येत नाही.

३. इंटरनेटवरचे ‘गाव’ आणि ‘-कर’ हा प्रत्यय

आता त्या विद्यार्थ्याच्या रात्रीच्या गप्पांकडे वळू. इंटरनेटवर समान आवड असलेल्या माणसांचे जे समूह तयार होतात, त्यांच्याकडे आपण बहुधा वेळ घालवण्याची जागा म्हणून पाहतो. भाषेच्या अभ्यासकाने मात्र त्यांच्याकडे वस्ती म्हणून पाहावे, असे मला वाटते. कारण मराठी भाषेने स्वतःच त्यांना वस्ती मानले आहे.

याचा पुरावा एका प्रत्ययात आहे. ‘-कर’ हा प्रत्यय मराठीत गावाच्या नावाला लागतो : माळेगावकर, बारामतीकर, इंदापूरकर. १९९६ च्या गणेश चतुर्थीला ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले. तेथे नियमाने जाणारी, लिहिणारी माणसे स्वतःला ‘मायबोलीकर’ म्हणू लागली. त्यानंतरच्या दशकात ‘मनोगत’, ‘उपक्रम’, ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे आली, पुढे ‘ऐसी अक्षरे’ आले. ‘मिसळपाव’चे ‘मिपा’ झाले आणि तेथील सदस्य ‘मिपाकर’ झाले. जे ठिकाण नकाशावर नाही त्याला भाषेने गावाचा प्रत्यय लावला. माणसे अमेरिकेत, आखाती देशांत, पुण्यात, नाशकात विखुरलेली असली तरी ती एका ठिकाणची आहेत, असा निर्वाळा प्रत्ययाने दिला.

या वस्त्यांनी आपल्या व्यवहारासाठी शब्दही घडवले. चर्चेची एक मालिका म्हणजे ‘धागा’. त्यावर कोणी लिहिले तो ‘प्रतिसाद’. खासगीत पाठवलेला ‘व्यक्तिगत निरोप’ आणि त्याचे आटोपशीर रूप ‘व्यनि’. दुसऱ्याच्या पानावर जाऊन लिहिण्याच्या जागेला मायबोलीवर ‘विचारपूस’ म्हटले गेले, मिसळपाववर ‘खरडवही’. लिंकसाठी ‘दुवा’, डेटासाठी ‘विदा’, टाइप करण्यासाठी ‘टंकणे’ हे शब्द तेथे रोजच्या वापरात आले. ‘मनोगत’वर तर लेखन तपासून देणारा ‘शुद्धिचिकित्सक’ही होता. हे लिहिणारे बहुतेक जण दिवसभर इंग्रजीत काम करणारे होते. त्यांनी मराठी शब्द वापरले ते इंग्रजी येत नव्हते म्हणून नव्हे, तर एक मराठी वस्ती त्यांना हवी होती म्हणून.

४. ‘दुवा’ चालला, ‘भ्रमणध्वनी’ का चालला नाही?

मराठीत परिभाषा घडवण्याची परंपरा मोठी आहे. शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी सुचवलेले ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द आज पूर्ण रुळले आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शासनव्यवहाराची आणि शास्त्रांची परिभाषा सिद्ध केली. ‘संगणक’ हा शब्दही सर्वांनी स्वीकारला. परंतु ‘भ्रमणध्वनी’ मात्र अर्जाच्या नमुन्यात आणि लग्नपत्रिकेत राहिला, “माझा भ्रमणध्वनी कुठं ठेवलाय?” असे घरात कोणी विचारत नाही.

हा फरक का पडतो? माझ्या मते तीन कारणे आहेत. पहिले, उच्चाराची सोय. ‘दुवा’, ‘धागा’, ‘विदा’ हे दोन अक्षरांचे शब्द आहेत आणि त्यांना विभक्तिप्रत्यय सहज लागतात : दुव्यावर, धाग्यात. दुसरे, ओळखीची प्रतिमा. साखळीची कडी किंवा शिवणीचा धागा प्रत्येकाने पाहिलेला असतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. शब्द जन्मला तेव्हा तो वापरणारी वस्ती तेथे हजर होती. ‘धागा’ हा शब्द कोशात बसून राहिला नाही. ज्या दिवशी तो सुचला त्या दिवसापासून त्याचा उपयोग सुरू झाला. ‘भ्रमणध्वनी’ पोहोचेपर्यंत लोकांनी ‘मोबाईल’ खिशात घातलेला होता.

यावरून मी असा निष्कर्ष काढतो : शब्द टिकतो की नाही हे त्याच्या कुळावर अवलंबून नसून तो वापरणाऱ्या समूहावर अवलंबून असते. माझ्या ‘आरंभका’मागे असा कोणताही समूह नव्हता, केवळ लाल शाई होती.

५. खरे नुकसान कोठे होते?

मग मराठीचे सारे ठीक चालले आहे का? तसे मला वाटत नाही. नुकसान होते आहे. पण ते आपण जेथे शोधतो तेथे नाही.

त्या विद्यार्थ्याने मला नंतर जे सांगितले ते माझ्या मनात राहिले आहे. एखादे सर्किट चालेना की तो आपला प्रश्न मोडक्यातोडक्या इंग्रजीत एका आंतरराष्ट्रीय समूहात लिहितो. सकाळपर्यंत उत्तर येते. ते उत्तर तेथेच राहते, आणि पुढे जगात कोणालाही तीच अडचण आली तर त्याला ते सापडते. उलट गावातला कोणी त्याला प्रश्न विचारतो तो फोनवर. तो उत्तर देतो तेही फोनवर. “सर, परवा दुसरा तेच विचारतो, तेरवा तिसरा. मी एकच गोष्ट वर्षभर बोलत असतो, आणि मी गाव सोडलं तर ती कोणालाच सापडणार नाही.”

याला भाषाविज्ञानात भाषाव्यवहाराच्या क्षेत्रांचा संकोच म्हणतात. एखाद्या भाषेत परके शब्द आल्याने ती दुबळी होत नाही. एखाद्या विषयाचे लेखन त्या भाषेत होणेच थांबले, की त्या विषयापुरती ती दुबळी होते. त्या विद्यार्थ्याच्या बोलण्यात ‘स्टार्टर’, ‘फेज’, ‘रिले’ हे शब्द होते, पण बाकी सारे विवेचन, कार्यकारणभाव, उपमा, विनोद मराठीच होते. लिहायची वेळ आली की मात्र पूर्ण वाक्यच इंग्रजी होत होते. मी सतरा शब्दांची चिंता करीत बसलो आणि माझ्यासमोर एक अख्खे ज्ञानक्षेत्र मराठी लेखनातून निसटत होते, ते मला दिसले नाही.

आपल्या परिसरात तंत्रज्ञान कमी नाही. मोबाईलवरून पंप चालवण्याच्या कल्पनेला पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ या उपकरणाचे रूप दिले. माळेगावजवळच्या शारदानगर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला आहे. शेतात संवेदक उभे आहेत आणि आकाशात उपग्रह आहे. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला आलेला अनुभव मराठीत कोण लिहून ठेवणार, हा प्रश्न उरतो.

येथे दोन प्रवाह वेगळे वाहताना दिसतात. आधी उल्लेखिलेल्या संकेतस्थळांवर लिखित मराठी समृद्ध आहे, पण तिचा शेताशी आणि दुकानाशी संबंध थोडा. माळेगावच्या दुकानात तंत्रज्ञानाची बोली मराठी समृद्ध आहे, पण तिला लेखन नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर जे लिहिले जाते ते रोमन लिपीतील दोन ओळींचे असते आणि आठवड्याभरात शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडले जाते.

६. काही आक्षेप

माझ्या मतावर तीन आक्षेप येऊ शकतात. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप शुद्धतेच्या आग्रहाचा. “असे परके शब्द चालू दिले तर मराठी उरेल काय?” हा आग्रह मी हसण्यावारी नेत नाही. पारदर्शक मराठी संज्ञा असेल तर विषय लवकर समजतो, हे खरेच आहे. ‘पासवर्ड’पेक्षा ‘परवलीचा शब्द’ आजीला लवकर कळेल. म्हणून माझे म्हणणे असे की लिहिणाऱ्याने प्रचलित शब्द वापरावा आणि पहिल्या वेळी त्याचा अर्थ मराठीत उलगडून सांगावा. मराठी पर्याय सुचला तर शेजारी ठेवावा. वाचक त्यांतून निवड करतील. क्रम मात्र उलटा नको. आधी शुद्ध शब्द सापडू दे, मग लिहू, असे म्हणत बसलो तर लिहिणे घडणारच नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा. “देवनागरीत लिहिणे त्रासाचे आहे.” एके काळी हे खरे होते. युनिकोडपूर्वी प्रत्येक फॉन्टची सांकेतिक रचना निराळी होती. एकात टंकलेले दुसऱ्यात उघडले की अक्षरांची रांगोळी दिसे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला जागा मिळाली. मराठीच्या खास गरजा मात्र हळूहळू भागल्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा फरक दाखवणारा ‘ऱ’ आपल्याला हवाच होता. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना स्थान दिले. आजही ‘अ’ला वेगळी चंद्रखूण जोडून लिहिलेले ‘अॅप’ आणि एकाच अक्षराने लिहिलेले ‘ॲप’ डोळ्यांना सारखेच दिसतात, पण यंत्र त्यांना दोन वेगळे शब्द मानू शकते आणि शोध फसतो. असे बारकावे सोडले तर देवनागरी कळफलक आज प्रत्येक स्मार्टफोनवर मिळतो, आणि बोललेले लिहून देण्याची सोयही आहे. अडचण आता यंत्रात फारशी उरलेली नाही. ती आपल्या संकोचात आहे.

तिसरा आक्षेप नवा आहे. “आता यंत्रच भाषांतर करते, मराठीत वेगळे लिहायचे कशाला?” भाषांतर करणारे किंवा बोलणे ओळखणारे यंत्र जे शिकते ते माणसांनी आधी लिहिलेल्या आणि बोललेल्या मजकुरावरून. ज्या प्रकारची मराठी त्याला पुरेशी मिळालेली नाही ती त्याला नीट येणार नाही. “रात्री लाईट आली, पण एक फेज नव्हती, म्हणून मोटर उचलेना” हे वाक्य कोठेच लिहिलेले नसेल, तर ते बोलणाऱ्या शेतकऱ्याला यंत्राशी यंत्राच्या मराठीत बोलावे लागेल. मोझिला संस्थेच्या ‘कॉमन व्हॉइस’ उपक्रमात कोणीही आपल्या आवाजात मराठी वाक्ये वाचून देऊ शकतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि त्यात लेख लिहिण्यासाठी पदवी लागत नाही. ही दारे उघडी आहेत. त्यांतून आत जाणाऱ्यांत बारामती-इंदापूरच्या बोलीची माणसे किती असतील, हे आपल्यावरच अवलंबून आहे.

७. हे काम आपलेच का?

मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी हा नेहमीच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याहून वेगळा असतो. तो आधी कारखान्यात फिटर असतो, ट्रॅक्टरचा चालक असतो, अंगणवाडीत सेविका असते, गिरणी चालवणारी गृहिणी असते. आणि मग मराठीचा अभ्यासक होतो. ज्या दोन प्रवाहांविषयी मी वर लिहिले, त्या दोहोंत एकाच वेळी पाय असलेली माणसे म्हणजे आपण. मला मराठीची वाक्यरचना सांगता येते, पण मोटरीचे वाइंडिंग का जळते ते मला ठाऊक नाही. आपणांपैकी अनेकांना दोन्ही येते. मराठीच्या पदवीचा उपयोग काय, असे आपल्याला घरी किंवा कामावर विचारले जात असेल. एक उत्तर असे देता येईल की जे आपल्या माणसांना ठाऊक आहे पण लिहिलेले नाही, ते लिहिण्याची पात्रता या पदवीने आपल्याला दिली आहे.

तंत्राची आवड ही केवळ तरुण मुलांची मिरास नाही, हेही लक्षात घ्यावे. पुढच्याच संपर्कसत्रात मी त्या विद्यार्थ्याचा निबंध, लाल रेघा बाजूला ठेवून, वर्गात वाचून दाखवला. इंदापूरकडील एका विद्यार्थिनीने लगेच विचारले, “आमची मोटर या वर्षी दोनदा जळाली, ती यामुळंच का?” घरची शेती तीच पाहत होती. तो तिला तोंडी सांगू लागला. मी त्याला थांबवले आणि म्हटले, “हे तुम्ही लिहून आणा.”

दोन आठवड्यांनी त्याने दीड पान लिहून आणले. त्यात ‘फेज’ हा शब्द होता, ‘स्टार्टर’ होता. एक फेज गेल्यावर मोटर का जळते हे त्याने असे समजावले होते : तिघे मिळून जड पोते नेत असताना एकाने हात सोडला, तर उरलेले दोघे काही पावले जातात, आणि मग त्यांच्या कमरेत उसण भरते, म्हणून एकाने हात सोडताच पोते खाली ठेवायला लावणारे उपकरण स्टार्टरमध्ये असले पाहिजे. त्या विद्यार्थिनीने त्या पानाची झेरॉक्स मागितली, आणखी चौघांनी मागितली. एक प्रत माझ्याजवळ आहे. या वेळी मी त्यात दोनच दुरुस्त्या केल्या, आणि त्या दोन्ही ऱ्हस्वदीर्घाच्या होत्या.

“मी हे मराठीत लिहायचंच नाही का?” या प्रश्नाचे माझे आजचे उत्तर स्पष्ट आहे. आपल्याला जे येते ते, ज्या शब्दांत येते त्या शब्दांत, पण पूर्ण वाक्यांत, देवनागरीत आणि दुसऱ्याला सापडेल अशा ठिकाणी लिहावे. शब्दांची निवड पुढे भाषा करील. ते काम तिने आजवर चोख केले आहे. मात्र जे लिहिलेच गेले नाही त्यातून निवड करणे तिला शक्य नाही.

स्वाध्याय

१. आपल्या कामाच्या ठिकाणी वापरात असलेल्या दहा परभाषिक शब्दांची यादी करा. प्रत्येकाचे लिंग, अनेकवचन व सामान्यरूप लिहा. कोणते शब्द ‘माजघरात’ आले आहेत आणि कोणते ‘ओसरीवर’ आहेत, ते सकारण सांगा.

२. आपल्या परिसरात ‘डीपी’प्रमाणे दोन वेगळे अर्थ असलेला एखादा नवा शब्द शोधा आणि संदर्भाने अर्थ कसा ठरतो ते दोन वाक्यांच्या आधारे स्पष्ट करा.

३. ‘शब्द टिकतो की नाही हे त्याच्या कुळावर अवलंबून नसून तो वापरणाऱ्या समूहावर अवलंबून असते.’ या विधानाशी आपण सहमत आहात का? आपल्या बोलीतील उदाहरणे देऊन साधकबाधक चर्चा करा.

४. आपल्याला चांगली येत असलेली एखादी तांत्रिक कृती (यंत्रदुरुस्ती, शिवणकाम, ठिबक सिंचनाची जोडणी, फोनवरील एखादी सोय) ती मुळीच न येणाऱ्या व्यक्तीसाठी दीड पानात लिहा. ते लेखन त्या व्यक्तीला वाचावयास द्या आणि तिला जेथे अडले तेथे दुरुस्ती करा.